झाडं की घरं? आधी तळघराचा नकाशा मागा

प्रश्न: आमची वसाहत जुनी आहे. तीन मजली इमारती, ६४ घरं, एकूण जागा ६,००० चौरस मीटर. पुनर्विकासात १५० घरं होणार आहेत. आवारात ३८ मोठी झाडं आहेत. आराखड्यात त्यातली ३१ तोडायची आणि ७ दुसरीकडे हलवायची असं ठरलंय. बदल्यात ३१० रोपं लावून देतो म्हणतात. सोसायटीत सरळ दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, घरं कमी झाली तरी चालतील, पण एकाही झाडाला हात लावू देणार नाही. दुसरा म्हणतो, माणसांना राहायला जागा नाही आणि तुम्ही झाडं कसली मोजत बसलात? मी समितीवर आहे, पुढच्या महिन्यात मतदान आहे. कुणाच्या बाजूनं उभं राहू?

उत्तर: हा आराखडा परत पाठवा. मात्र घरं कमी करा असं सांगून पाठवू नका. १५० ची १५० राहू द्या. परत पाठवायचा तो तळघरासाठी. तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या नकाशात पार्किंगचं तळघर या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत पसरलंय, आणि तुमची झाडं जाताहेत ती त्याच्यामुळे.

हिशेब करून बघा. एक घर सरासरी ७५ चौरस मीटरचं धरलं तर १५० घरांचे ११,२५० चौरस मीटर होतात. जिने, लिफ्ट, भिंती, व्हरांडे यांचे आणखी पाव भाग धरा, म्हणजे साधारण १४,००० चौरस मीटर बांधकाम. ते १० मजल्यांत बसवलं तर जमिनीवर इमारती १,४०० चौरस मीटर जागा घेतात, १४ मजल्यांत १,०००. म्हणजे ६,००० पैकी जास्तीत जास्त पावभर. मग उरलेली पाऊण जागा गेली कुठे?

गाड्यांखाली. एक गाडी उभी राहायला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर पुरतात. पण तिला आत-बाहेर करायला वाट लागते, उतार लागतो, वळायला जागा लागते. हे सगळं धरलं की एका गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर जातात. तुमच्या आराखड्यात दर घरामागे दीड गाडी धरली आहे. २२५ गाड्या गुणिले २८ म्हणजे ६,३००. एका पातळीच्या तळघरात इतक्या गाड्या बसवायच्या म्हटलं तर तुमचा अख्खा प्लॉटसुद्धा अपुरा पडतो. म्हणून ते तळघर कुंपणाला जाऊन भिडलंय.

तोच हिशेब दर घरामागे एक गाडी धरून करा. १५० गुणिले २८ म्हणजे ४,२००. दोन पातळ्यांत २,१००. इमारतींच्या पायाशीच ते बरंचसं मावतं आणि निम्म्याहून जास्त जागा खोदाईविना, खरीखुरी जमीन म्हणून उरते. दोन पातळ्यांचं तळघर महाग पडतं, हे खरं. खोदाई दुप्पट खोल जाते, जलरोधाचं काम वाढतं, पाणी उपसायचे पंप कायमचे मागे लागतात. ते नको असेल तर खालचे एक-दोन मजले उघडे ठेवून तिथे गाड्या लावा, किंवा एकावर एक गाडी ठेवणारी यांत्रिक व्यवस्था घ्या. प्रत्येक पर्यायाचा खर्च वेगळा मांडून मागा. आणि दर घरामागे अमुक गाड्यांची जागा द्यायलाच हवी असा तुमच्याकडे नियम आहे का, की बिल्डरनं विक्रीच्या सोयीसाठी आकडा फुगवलाय, हे लेखी विचारा. नियम असला तरी तो दगडावरची रेघ नसते. अमेरिकेतल्या बफेलो शहरानं ही सक्ती २०१७ मध्ये काढून टाकली. मेक्सिको सिटीनं त्याच वर्षी किमान संख्येऐवजी कमाल संख्या ठरवली, म्हणजे याहून जास्त पार्किंग बांधायचं नाही.

आता एका झाडाला किती जागा लागते ते पाहू, कारण तुमच्या सभेत दोन्हीकडचे लोक हे नुसत्या अंदाजानं बोलताहेत. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर बुंध्याला टेप गुंडाळा. घेर १५७ सेंटिमीटर आला तर त्याला ३.१४ नं भागा. व्यास ५० सेंटिमीटर. व्यासाच्या १२ पट, म्हणजे ६ मीटर त्रिज्येचं वर्तुळ बुंध्याभोवती काढा. बांधकामाच्या काळात झाडं जपण्यासाठी ब्रिटनच्या बीएस ५८३७ या मानकात हाच गुणक दिलेला आहे आणि जगभर तो वापरला जातो. खूप जाड बुंध्यांसाठी ही त्रिज्या १५ मीटरवर थांबवतात. ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ११३ चौरस मीटर. म्हणजे एक मोठं झाड म्हणजे साधारण चार गाड्यांची जागा. त्यासाठी घर कमी करायची वेळ कुठेच येत नाही. हा एक आकडा फळ्यावर लिहून ठेवलात तरी सभेतला निम्मा वाद खाली बसेल.

झाड वाचवायचं म्हणजे जमिनीखालचं हे वर्तुळ वाचवायचं. मुळं झाडाच्या उंचीइतकी खोल जातात हा समज फार रुजलेला आहे. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या ६० ते ९० सेंटिमीटरमध्ये असतात. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक तंतुमुळं तर वरच्या वीतभर-दीड वीत मातीत असतात आणि आडवी पसरत फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. त्यामुळे बुंध्याभोवती हातभर उंचीचा पार बांधून बाकी सगळं फरसबंदी करून टाकलं, तर ते झाड वाचवलं असं होत नाही.

३८ च्या ३८ झाडांसाठी अडून बसू नका, असंही आम्ही स्पष्ट सांगतो. झाडांच्या तज्ज्ञाकडून पाहणी करून घ्या. हा तज्ज्ञ बिल्डरनं नव्हे, सोसायटीनं पैसे देऊन आणलेला असावा. प्रत्येक झाडाचा नंबर, जात, घेर, फांद्यांचा चारही दिशांचा विस्तार, तब्येत आणि अजून किती वर्षं जगेल याचा अंदाज इतकं लिहून घ्या आणि झाडांचे चार गट करा: काहीही झालं तरी ठेवायची, शक्यतो ठेवायची, गेली तरी चालतील अशी, आणि धोकादायक म्हणून काढायचीच. जुन्या आवारात पोकळ झालेली, बुंध्याशी बुरशीची छत्री आलेली, भिंतीत घुसून वाढलेली झाडं असतातच. ती सोडून द्या. समजा ठेवायलाच हवीत अशी १४ निघाली. प्रत्येकाला ११३ धरले तर १,५८२ चौरस मीटर होतात. पण झाडं ओळीनं असली की वर्तुळं एकमेकांवर येतात, आणि प्रत्यक्ष आकडा त्याहून बराच कमी भरतो. १,४०० च्या इमारती आणि दीड हजाराची झाडं ६,००० मध्ये आरामात बसतात. अट एकच, तळघर आवरलं पाहिजे.

नकाशावर ही वर्तुळं उमटवताना एक गोष्ट हमखास निसटते. तळघराची भिंत वर्तुळाला लागून दाखवलेली असते आणि सगळे खूश होतात. पण ती भिंत ओतायला, तिला बाहेरून जलरोधक थर लावायला माणूस उभा राहील अशी एक-दीड मीटरची चर भिंतीच्या बाहेर खणावी लागते. माती कच्ची असेल तर वरून उतार देत आणखी रुंद खणतात. म्हणजे कागदावर ६ मीटर अंतर असलं तरी प्रत्यक्षात मुळं साडेचार मीटरवर किंवा त्याहून जवळ तुटतात. तेव्हा ‘खोदाईची रेषा’ नकाशावर वेगळी दाखवायला लावा. ती वर्तुळात शिरत असेल तर तेवढ्या भागात आधी जमिनीत खांबांची सलग ओळ उतरवून मग आतून खोदाई करता येते. खर्च जास्त, पण सगळीकडे नाही, चार-पाच ठिकाणीच करावी लागते. अग्निशमन बंबाची वाट, पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन, विजेच्या केबल, ट्रान्सफॉर्मरची जागा हेही त्याच नकाशावर आत्ताच दाखवायला सांगा. हे नंतर ठरवू म्हणून ठेवतात आणि इमारत उभी राहिल्यावर ‘आता बंबाला वाट नाही’ म्हणून वाचलेली झाडं जातात.

घरांबद्दल दुसऱ्या गटाचं म्हणणं आम्हाला मनापासून पटतं, आणि झाडांवर प्रेम करणाऱ्यांनी ते ऐकावं असं वाटतं. शहरात ८६ घरं कमी बांधली म्हणून ती ८६ कुटुंबं नाहीशी होत नाहीत. ती शहराच्या कडेला जातात. तिथे हेक्टरी २५ बैठी घरं पडली तर ८६ घरांना साडेतीन हेक्टर जमीन लागते, ३४,००० चौरस मीटरच्या वर. तिथली झाडं, शेतं, ओढे जातात, वर रस्ते येतात, आणि प्रत्येक कुटुंब रोज गाडीत बसून पुन्हा शहरात येतं. इथे तेवढीच घरं वरच्या मजल्यांवर बसतात. दाटी आणि सावली एकत्र नांदू शकतात हे सिंगापूरकडे पाहून कळतं. तिथे गृहनिर्माण मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं आणि झाडं लावण्याची मोहीम १९६३ मध्ये सुरू झाली, दोन्ही जवळपास एकाच वेळी. आज तिथे बहुसंख्य लोक या मंडळानं बांधलेल्या उंच इमारतींत राहतात आणि त्याच रस्त्यांवर मोठ्या झाडांचं छत आहे.

आता त्या ३१० रोपांकडे येऊ. एका झाडामागे दहा, ऐकायला भरघोस वाटतं. पण १२ मीटर विस्ताराच्या झाडाची सावली ११३ चौरस मीटर पडते. नव्या रोपाचा विस्तार एक मीटर असेल तर सावली पाऊण चौरस मीटरच्या जरा वर. विस्तार बारा पट, पण सावली १४४ पट. त्यामुळे दहा रोपं म्हणजे मोठ्या झाडाच्या सावलीचा चौदावा भागसुद्धा नाही, आणि तोही सगळी जगली तर. शिवाय ३१० रोपं जागेत बसवण्यासाठी ती एका कोपऱ्यात दर चौरस मीटरला दोन-तीन अशी दाटीनं लावतात आणि त्याला मियावाकी वन म्हणतात. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची ही पद्धत उजाड जमिनीवर स्थानिक जंगल लवकर उभं करण्यासाठी आहे. तिथे ती कामाची आहे. पण त्या दाट तुकड्यात माणूस शिरू शकत नाही, आणि पायवाटेवर किंवा पश्चिमेच्या भिंतीवर त्यातली एकही फांदी सावली धरत नाही. तुमच्या आवारात ३१० च्या जागी नीट माती मिळालेली ४० झाडं लावली तर आम्हाला जास्त आनंद होईल.

हलवायच्या सात झाडांचाही हिशेब मागा. झाड हलवताना मुळांसकट जी मातीची हुंडी उचलायची, तिचा व्यास बुंध्याच्या निदान दहापट हवा. ५० सेंटिमीटरच्या बुंध्याला ५ मीटर. खोली एक मीटर धरली तर जवळजवळ २० घनमीटर माती, वजन ३५ टनांच्या आसपास, त्यात झाडाचं वेगळं. त्याआधी काही महिने टप्प्याटप्प्यानं एकेका बाजूची मुळं छाटून हुंडीच्या आत नवी मुळं फुटू द्यावी लागतात. जेसीबीनं भोवती चर मारून, फांद्या सगळ्या उडवून, क्रेननं दुसऱ्या दिवशी उचललेलं झाड बऱ्याचदा थोडी पालवी फोडतं. ती खोडातल्या साठ्यावर आलेली असते. साठा संपला की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी झाड वाळतं. आमचं मत विचाराल तर २० सेंटिमीटरच्या आतल्या बुंध्याची झाडं हलवा. मोठी झाडं जागेवरच वाचवा किंवा त्यांचा नाद सोडा, हलवण्याच्या खर्चात नव्या झाडांना उत्तम माती देता येईल.

माती म्हणताना आकडा डोळ्यांसमोर ठेवा. मोठ्या होणाऱ्या झाडाला पूर्ण वाढीसाठी साधारण २८ घनमीटर सैल माती लागते, म्हणजे एक मीटर खोलीची सव्वापाच बाय सव्वापाच मीटर जागा. लहान झाडाला ८ ते १० घनमीटर. फरसबंदीत ठेवलेल्या मीटरभराच्या चौकोनी खड्ड्यात एक घनमीटर असते. त्यातलं झाड दहा वर्षांत आहे तसंच राहतं किंवा फरशी उचकटतं. जागा खरोखर अपुरी असेल तर पदपथाखाली मोठी खडी आणि माती यांचं ठासलेलं मिश्रण भरतात. ते वरचं वजन पेलतं आणि मुळं फटींतून वाढतात. कॉर्नेल विद्यापीठानं ते विकसित केलं, स्टॉकहोममध्ये त्याचीच वेगळी तऱ्हा वापरतात. पण त्यात माती जेमतेम पाचवा हिस्सा असते, म्हणून १०० घनमीटर भरलं तर झाडाच्या वाट्याला २० आले असं धरा.

तळघराच्या छतावर बाग करू, हा बिल्डरचा पुढचा प्रस्ताव असेल. हिरवळ आणि झुडपांना तो ठीक आहे. झाडाला तिथे निदान एक-सव्वा मीटर माती हवी. भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला १,८०० ते २,००० किलो, म्हणजे सव्वा मीटर मातीचा भार दर चौरस मीटरला सव्वादोन ते अडीच टन. राहत्या खोलीचा वापराचा भार साधारण २०० किलो धरतात, त्याच्या अकरा-बारा पट. म्हणून छताचं डिझाइन सुरू व्हायच्या आधी ही जाडी लिहून द्यायला लावा. बांधून झाल्यावर ‘वजन झेपत नाही’ म्हणत माती अर्ध्या मीटरवर येते आणि झाडांच्या जागी कुंड्या बसतात.

बांधकाम सुरू झालं की खरी कसोटी. पाडकामाची पहिली गाडी आत यायच्या आधी वर्तुळांभोवती पक्कं कुंपण हवं. दोन मीटर उंच, खांब जमिनीत रोवलेले. बुंध्याला गोणपाट गुंडाळून भागत नाही. कुंपणाच्या आत सिमेंट, वाळू, सळ्या, मजुरांच्या खोल्या, काहीच नको. ट्रक दोन-चार वेळा फिरला तरी माती दबते, तिच्यातल्या हवेच्या फटी मिटतात आणि मुळं गुदमरतात. ही हानी नांगरून भरून निघत नाही. मिक्सर धुतलेलं पाणी मुळांत गेलं तर माती अल्कधर्मी होते, झाडाला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असं पान दिसलं की समजा, पाणी कुठेतरी शिरतंय. वाट कुंपणातून न्यावीच लागली तर आधी भूवस्त्र (मातीवर अंथरायचं जाड कापड), त्यावर १५ ते २० सेंटिमीटर लाकडाचा भुगा-ढलप्या, वर लोखंडी पत्रे. पाइप न्यायचा तर मीटरभर खालून आडवं छिद्र पाडून. अंगठ्याहून जाड, म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या वरचं मूळ तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय तोडायचं नाही, आणि तोडलंच तर करवतीनं सरळ. बकेटनं ओढलेलं मूळ आत लांबवर चिरतं. जमिनीची पातळीही बदलू देऊ नका. सपाटीकरणासाठी वीतभर भर टाकली तरी बरीच झाडं खंगतात. तळघर खोदताना पंपानं भूजल उपसतात, त्या काळात आजूबाजूची माती कोरडी पडते, म्हणून ठेवलेल्या झाडांना मुळांच्या पूर्ण वर्तुळात पाणी देण्याची जबाबदारी करारातच कुणाच्या तरी नावावर टाका.

यातलं फसवं असं की झाड लगेच मरत नाही. आधी शेंडे वाळतात, पानं लहान येतात. तीन ते सात वर्षांनी ते जातं, तेव्हा कंत्राटदार केव्हाच निघून गेलेला असतो. म्हणून ताबा मिळाल्यावर निदान पाच वर्षं त्याच्या बिलातली ठरावीक रक्कम राखून ठेवा, आणि ती सोडवायची अट रोपांच्या संख्येवर नको, ठेवलेल्या झाडांच्या तब्येतीवर आणि नव्यांच्या जगण्यावर हवी.

नवी झाडं लावताना एकाच जातीच्या रांगा नकोत. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये सुचवलेलं प्रमाण लहान आवारालाही दिशा देतं: एका जातीची १० टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची (जवळच्या जातींचा गट) २० हून, एका कुळाची ३० हून. पश्चिमेच्या खिडक्यांसमोर मोठं झाड आधी लावा, दुपारनंतरचं तिरपं ऊन तेच अडवतं. खड्डा हुंडीच्या दोन-तीन पट रुंद हवा, पण हुंडीहून खोल नको. पिशवी पूर्ण काढा, गोल फिरलेली मुळं कापा, नाहीतर पंधरा वर्षांनी तीच बुंध्याला फास लावतात. बुंधा रुंदावून मुळांत शिरतो तो फुगवटा मातीच्या वर दिसला पाहिजे. पालापाचोळ्याचं आच्छादन पाच ते आठ सेंटिमीटर, बुंध्यापासून वीतभर दूर. आधाराची काठी वर्षभरात काढा. पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला ४० ते ५० लिटर पाणी दोनदा विभागून, दोन-तीन वर्षं. झाडामुळे ड्रेनेज फुटतं ही भीती सभेत निघेल. धडधाकट पाइप मुळं फोडत नाहीत, गळक्या सांध्यात शिरतात. नवे पाइप नीट जोडून घ्या. माती काळी, सुकल्यावर आकसणारी असेल तर मात्र पाया त्या हिशेबानं खोल घ्यायला अभियंत्याला सांगा.

मतदानाला महिना आहे. त्याआधी दोघं-तिघं टेप घेऊन आवारात उतरा, ३८ घेर मोजा आणि वर्तुळं काढलेला कागद आर्किटेक्टकडे द्या. हे खांबांची मांडणी पक्की होण्याआधी व्हायला हवं. एकदा खांब ठरले की तळघराची कड हलत नाही. आणि ठरावात ‘जास्तीत जास्त झाडे वाचवावीत’ असं लिहू देऊ नका. झाडांचे नंबर लिहा, प्रत्येकासमोर त्रिज्या मीटरमध्ये.